मशीन डब्यात, लेकरू मागच्या बाकावर: समावेशित शिक्षणातल्या या चुका टाळा

चौथीतल्या मुलीच्या आईनं स्टीलचा डबा उघडला. आत रुमाल, रुमालात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कानाचं मशीन. शिबिरात मिळाल्यापासून सात महिने ते तसंच पडून होतं. "सर, इतकं महागाचं, पोरीनं हरवलं तर? आन् लावलं की डोकं दुखायलंय म्हनती." शाळेच्या नोंदवहीत मात्र 'साहित्य दिले' या रकान्यात तिच्या नावापुढं बरोबरची खूण होती.

मी फिरता विशेष शिक्षक, साध्या शाळेत सगळ्यांबरोबर शिकणाऱ्या दिव्यांग लेकरांसाठी. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून मोटारसायकल काढायची आणि दिवसाला दोन, जमलं तर तीन शाळा करायच्या. शाळेत पाय ठेवला की गुरुजी हमखास म्हणतात, "या सर, तुमचं लेकरू बसलंय बघा तिकडं." पहिली चूक इथंच होते. लेकरू त्यांच्या वर्गातलं, हजेरी त्यांच्या पटावर, पण शिकवायचं मी, तेही येईन तेव्हा. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिकला दर 10 आणि त्यापुढच्या वर्गांना दर 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं. आमच्या तालुक्यात ते कागदावरही बसत नाही. माझी वाट बघत बसलात तर लेकराचं वर्ष निघून जातं. मी आलो की वर्गात काय बदलायचं ते माझ्याकडून लिहून घ्या आणि मी नसताना ते चालू ठेवा.

मशीन 'बिघडलंय' म्हणण्याआधी

मशीन मुठीत धरा. बारीक शिट्टी वाजली तर बॅटरी जिवंत आहे. वाजली नाही तर बॅटरी बदला. त्या गोल बॅटरीवरचा स्टिकर काढल्यावर ती मिनिटभर तशीच उघडी ठेवा, हवा लागल्याशिवाय ती चालू होत नाही. एकदा स्टिकर निघाला की वापरा न वापरा, ती उतरतच राहते. त्यामुळं 'पोरीनं लावलंच नाही, मग बॅटरी कशी संपली' म्हणून तिला रागवू नका. कानात घातल्यावर सारखी शिट्टी येत असेल तर बहुतेक वेळा मशीनचा कानात बसणारा साचा सैल पडलेला असतो. लेकरू वाढतं, कान वाढतो, साचा तेवढाच राहतो. जिल्हा रुग्णालयात कानाच्या विभागात नवा साचा मागा, आणि त्याच खेपेला कानात मळ आहे का तेही बघून घ्या. उन्हाळ्यात घामानं मशीन दमट होतं. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून, बुटाच्या खोक्यात येते तसली पुडी टाकलेल्या डबीत ते ठेवा.

डोकं दुखतं म्हणणारं लेकरू खोटं बोलत नसतं. वर्षानुवर्षं शांत असलेल्या कानावर एकदम भांड्यांचा, बाकांचा, पन्नास पोरांचा आवाज आदळतो. सुरुवात घरातून करा. संध्याकाळी अर्धा तास, शांत खोलीत, आईच्या मांडीजवळ. मग हळूहळू वेळ वाढवा. तरीही दुखतंच म्हणालं तर आवाज जास्त लावलेला असू शकतो. तो कान तपासणाऱ्याकडूनच कमी करून घ्यायचा.

शाळेत रोज दोन मिनिटांची एक तपासणी करता येते. लेकराच्या मागं हातभर अंतरावर उभं राहा आणि साध्या आवाजात एकेक ध्वनी म्हणा: म, ऊ, आ, ई, श, स. आवाज आला की त्यानं वाटीत चिंचोका टाकायचा. काल सहा पडले आणि आज चारच, तर आज मशीनला काहीतरी झालंय. हे कळायला माझी गरज नाही, पाचवीतलं पोरगंही करू शकतं. वर सांगितलेल्या मुलीची तपासणी तिच्या वर्गमैत्रिणीच करतात, आणि मशीन आता डब्यात फक्त रात्री जातं.

'ढ' म्हणून बाजूला बसवणं

तांड्यावरच्या शाळेतली पहिलीची यादी मला दरवर्षी अडखळवते. 'मतिमंद वाटतो' असं लिहिलेली तीन-चार नावं असतातच. त्यातली निम्मी लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा भाषा बोलतात आणि गुरुजींची मराठी त्यांना अजून कळत नसते, एवढंच. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी एखादी मोठी पोरगी शेजारी बसवा, दोन महिने द्या, मग ठरवा. आणि 'मतिमंद' हा शब्द नोंदवहीतून काढा. बौद्धिक अक्षमता म्हणा, तीही डॉक्टरांनी तपासल्यावर.

त्याच्या उलट चूकही होते. तोंडी गणित झटक्यात सोडवणारं, गोष्ट रंगवून सांगणारं पोरगं वाचताना 'बदक'चं 'दबक' करतं, फळ्यावरून उतरवताना ओळी गाळतं, आणि आपण 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो. आधी डोळे तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी नेमकं तेच पोरगं गैरहजर असतं, म्हणून आदल्या दिवशी घरी निरोप धाडा. नजर आणि कान ठीक असतील तर दिव्यांगत्वाची लक्षणं टिपायच्या 'प्रशस्त' ॲपमधली यादी भरा. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकांनीच भरायचा असतो. त्यातून निदान होत नाही, पण पुढं कुणाकडं पाठवायचं ते कळतं. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या अशा अडचणीचं प्रमाणपत्र आठ वर्षांखालच्या मुलाला मिळत नाही. म्हणून दुसरीत काही करायचं नाही असं नाही. मोठं अक्षर, कमी मजकूर, तोंडी उत्तर याला कुणाची सही लागत नाही.

प्रमाणपत्राच्या रांगेत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नं 21 प्रकार मान्य केले. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे 40 टक्के किंवा अधिक असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यातून एक भलताच अर्थ निघतो: प्रमाणपत्र नाही तर प्रवेश नाही. असं कुठंही म्हटलेलं नाही. लेकरू आधी पटावर घ्या, रुग्णालयाच्या चकरा नंतर.

अर्ज आता ऑनलाइन, स्वावलंबन पोर्टलवर होतो. अडकतो तो नावात. आधारवर 'शेख', शाळेत 'शेक'. जन्मतारीख दोन्हीकडं वेगळी. जिल्ह्याच्या गावी जायची तारीख घेण्याआधी हे जुळवा, नाहीतर एसटीचं तिकीट आणि आईबापाची एक दिवसाची मजुरी फुकट जाते. मिळालेल्या दिव्यांगत्वाच्या कार्डवर मुदत लिहिली असेल तर ती शाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाका. तात्पुरतं प्रमाणपत्र संपलेलं लेकराच्या बापाला कधी कळतं? भत्ता थांबल्यावर.

आणि दार कोणतं ठोठवायचं ते बघा. जिल्हा परिषद शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या मदतनीस भत्त्यासाठी किंवा साहित्यासाठी गट साधन केंद्रात जायचं, कारण हे ज्या समग्र शिक्षा योजनेतून मिळतं ती शालेय शिक्षण विभागाकडं आहे. विशेष शाळा आणि त्यांची वसतिगृहं दिव्यांग कल्याण विभागाची, जो आपल्या राज्यात 2022 मध्ये वेगळा झाला. एका बापानं या दोन कार्यालयांमध्ये तीन महिने काढले. दोन्हीकडं त्याला 'इथं नाही' एवढंच सांगितलं गेलं, आणि तेवढ्यापुरतं दोघांचंही खरं होतं.

'घरीच राहू द्या'

याचा मला सगळ्यात राग येतो. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं घरून शिकायचा पर्याय दिलाय. निवड लेकराची आणि आईबापाची. शाळेनं परस्पर 'गृहाधारित' लिहून टाकायचं नसतं. चालता येत नाही एवढ्याच कारणानं घरी बसवलेलं पोरगं मी पाहिलंय. शाळा त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. अडचण उताराची होती: दोन फुटी जोत्याला सहा फुटांचा उतार, म्हणजे घसरगुंडीच. एकास बारा हे प्रमाण धरलं तर तिथं चोवीस फूट लागतात. जागा नसेल तर वळण घ्या, किंवा त्याचा वर्ग खालच्या खोलीत आणा. खोली बदलायला तर पैसाही लागला नाही.

दसऱ्यानंतर

बीड, जालना, परभणीकडं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या भरतात आणि कोयत्याच्या जोडीबरोबर, म्हणजे तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोबरोबर, लेकरंही जातात. दिव्यांग लेकराला तर हमखास नेतात, कारण मागं सांभाळायला कुणी नसतं. पाच-सहा महिने ना व्यायाम, ना साचा, ना बॅटरी. आजी गावात राहत असेल तर मागं थांबणाऱ्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा विषय सप्टेंबरातच काढा. मुकादम गाडी घेऊन आल्यावर कुणी थांबत नाही. जाणारच असेल तर तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड द्या आणि सोबत एक कागद: त्याला काय होतंय, काय येतं, कोणता व्यायाम रोज करायचा, मशीनला कोणत्या नंबरची बॅटरी लागते. तिकडची शाळा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवू शकत नाही. हे त्या कागदावर खाली मोठ्या अक्षरात लिहा.

दहावी

सवलतीचे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडं जातात. मराठवाड्यातल्या लातूर, नांदेड, धाराशिवचे लातूरला, उरलेल्या पाच जिल्ह्यांचे छत्रपती संभाजीनगरला. नववीचा निकाल लागला की कागद गोळा करायला घ्या. तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण लेखनिक पहिल्यांदा बोर्डाच्या पेपरलाच भेटला तर हा तास समजावण्यातच जातो. उत्तर तोंडानं सांगणं वेगळं असतं. परिच्छेद कुठं पाडायचा, आकृतीत रेघ कुठून कुठं, हे बोलून दाखवायला सराव लागतो. सहामाहीपासून लेखनिक बसवा.

आणि कुठलीही मागणी तोंडी करू नका. 'बघू' हे उत्तर नोंदवहीत चढत नाही. अर्ज दोन प्रतींत लिहा, मुख्याध्यापकांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकीतून हलू नका.