सामायिकातील कायोत्सर्ग कसा साधावा

जैनांच्या दिगंबर परंपरेत सामायिकासाठी, म्हणजे ठरावीक वेळ समभावात राहण्याच्या साधनेसाठी, सकाळ, दुपार आणि सायंकाळ या तीन संधिवेळा सांगितल्या आहेत आणि किमान काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा आहे. शुद्ध वस्त्रे नेसून, निवांत जागी पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे आणि तेवढ्या काळापुरता सर्व आरंभ-परिग्रहाचा, म्हणजे कामधंद्याचा आणि मालकीच्या आसक्तीचा, त्याग करीत असल्याचा संकल्प करावा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. वेळ पाहायला भिंतीवरचे घड्याळ पुरते.

यानंतर येतो तो नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग, म्हणजे देहाचे ममत्व सोडून, निश्चल राहून णमोकार हा जैनांचा नमस्कारमंत्र नऊ वेळा मनात म्हणणे, आणि बहुतेकांचे सामायिक इथेच बिघडते. मलाही हीच पायरी फार काळ जड गेली. दोन्ही पावलांत चार अंगुळांचे अंतर, हात खाली सैल सोडलेले, दृष्टी नासाग्रावर, एवढे सगळेच सांगतात. श्वासाचे मात्र कोणी नीट सांगत नाही. ‘णमो अरिहंताणं’ श्वास घेताना आणि ‘णमो सिद्धाणं’ सोडताना. ‘णमो आइरियाणं’ घेताना, ‘णमो उवज्झायाणं’ सोडताना. ‘णमो लोए’ घेताना, ‘सव्वसाहूणं’ सोडताना. एका णमोकाराला तीन श्वासोच्छ्वास, म्हणून नवांना २७. काहीजण हे एका मिनिटाच्या आत उरकतात. त्याला पाठांतर म्हणता येईल, कायोत्सर्ग नव्हे.

श्वास मुद्दाम लांबवावा, हा सल्ला तर मुळीच ऐकू नये. तसे केले की चौथ्या-पाचव्या णमोकाराला छाती भरून येते, खांदे वर चढतात आणि सारे लक्ष मंत्रावरून धापेवर जाते. श्वास आपल्या चालीने चालू द्यावा आणि पदे त्याच्या मागे न्यावीत. ‘णमो लोए’ हे पद आखूड असल्याने तिथे हमखास घाई होते. श्वास पूर्ण भरल्याशिवाय ‘सव्वसाहूणं’कडे वळू नये. हात हलवायचे नसल्यामुळे मोजणी बोटांवर किंवा माळेवर करता येत नाही. हृदयस्थानी आठ पाकळ्यांचे कमळ कल्पून प्रत्येक पाकळीवर एक आणि मधल्या कर्णिकेवर नववा णमोकार ठेवला, तर संख्या चुकत नाही. मन मध्येच दुसरीकडे गेले, तर त्या पाकळीवरचा णमोकार पुन्हा म्हणावा. पहिल्यापासून सुरुवात करण्याचे कारण नाही.

डास चावला तरी हात उचलू नये. सामायिकातील गृहस्थ हा कोणी उपसर्ग म्हणून, म्हणजे त्रास देण्यासाठी, अंगावर वस्त्र टाकलेल्या निर्वस्त्र मुनीसारखा असतो, असे आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात म्हटले आहे, आणि चावा सोसण्याचे बळ या एका वाक्यातून मला नेहमी मिळत आले आहे.

मग तीन आवर्त, म्हणजे जोडलेले हात डावीकडून उजवीकडे फिरवणे, आणि एक शिरोनती, म्हणजे मस्तक नमवणे. उजवीकडे वळत चारही दिशांना हाच क्रम केला की १२ आवर्त व चार शिरोनती होतात. त्यानंतर पद्मासनात बसून जप आणि बारा भावनांचे, म्हणजे अनित्यता, अशरणता अशा वैराग्य वाढवणाऱ्या बारा विचारांचे, चिंतन करावे, आणि वेळ पूर्ण झाल्यावर पुन्हा नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग करून, नमस्कार करून उठावे.