‘सिस्टर, मी गेलो होतो’ असं कुणी म्हणालं तर

व्हेंटिलेटरची नळी काढली की पुढचे काही तास पेशंटचा आवाज पार बसलेला असतो. अर्धं बोलणं ओठांवरूनच ओळखावं लागतं. साठीतले एक काका होते. हृदय बंद पडून त्यांना तिसरा दिवस होता. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सिस्टर, मी गेलो होतो. छत फार खाली आलं होतं. आणि कोणीतरी सारखं मोजत होतं."

त्यावर मी जे केलं, ते तुम्ही करू नका म्हणून हे लिहिते आहे. मी लगेच विचारलं, "बोगदा दिसला का हो काका? प्रकाश वगैरे?"

ते थोडा वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "असेल. हो, होता की बोगदा."

संध्याकाळी भेटीच्या वेळेत मुलाला सांगताना गोष्ट बोगद्यापासूनच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टरांना सांगितली तेव्हा बोगद्याच्या टोकाला प्रकाशही आला होता. मोजणारा माणूस मात्र गोष्टीतून गायब. तो बोगदा त्यांनी पाहिला होता की मी त्यांच्या हातात ठेवला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आयसीयूत मी २२ वर्षं काढली. मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आलो, असं सांगणारे पेशंट रोज भेटत नाहीत, पण भेटतात. आणि ते पहिल्यांदा बोलतात ते बहुतेक वेळा जवळ जो असेल त्याच्याशी, म्हणजे नर्सशी, वॉर्डबॉयशी किंवा उशाशी बसलेल्या मुलीशी. तेव्हा ऐकायचं कसं, हे त्यांनाच माहीत हवं.

आधी पेशंट, मग अनुभव

पहिलं काम साधं आहे: हा भ्रम तर नाही ना, ते बघा. आयसीयूतल्या भ्रमाला आम्ही डिलिरियम म्हणतो आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये तो फार दिसतो. सकाळी नीट बोलणारा माणूस रात्री म्हणतो, भिंतीवर मुंग्या आहेत, सिस्टर सलाइनमधून विष सोडतायत. तासाभरानं विचारलं तर गोष्ट दुसरीच. ओळखायची एक सोपी रीत आहे. पेशंटचा हात हातात घ्यायचा, दहा अक्षरं एकेक करून म्हणायची आणि ठरलेलं अक्षर आलं की हात दाबायला सांगायचं. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर लक्ष टिकत नाहीये. मग अनुभव बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. ऑक्सिजन, सोडियम, इन्फेक्शन, झोपेची औषधं हे सगळं बघावं लागतं. नातेवाईक असाल तर एवढंच सांगा: "कालच्यापेक्षा आज वेगळं बोलतायत."

मृत्यूच्या दारातला म्हणून जो अनुभव सांगितला जातो, त्याची चाल निराळी असते. त्याला सुरुवात-शेवट असतो, आणि सांगणारा घाबराघुबरा नसतो. दोन दिवसांनी विचारलं तरी गोष्ट तीच राहते, म्हणजे मधे माझ्यासारखं कुणी नाक खुपसलं नसेल तर. बेल्जियममधल्या लीएज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली अशा आठवणी पडताळून पाहिल्या. प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांच्या आणि नुसत्या कल्पनेतल्या प्रसंगांच्या आठवणींपेक्षाही त्या तपशिलानं भरलेल्या निघाल्या. यावरून अनुभव खरा ठरत नाही. पण ‘उगाच काहीतरी रचून सांगतोय’ असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

दोन्ही एकत्रही असू शकतं. तेव्हा लिहून ठेवा, तारीख घाला आणि डोकं ठिकाणावर आलं की पुन्हा विचारा.

विचारायचं काय

माझे प्रश्न आता तीनच. "शेवटचं काय आठवतंय?" "मग?" आणि "त्यानंतर पहिल्यांदा कोण दिसलं?" मधला ‘मग?’ कितीही वेळा विचारता येतो. गप्प बसणं जमलं तर तेही विचारावं लागत नाही.

लिहिताना शब्द पेशंटचेच ठेवा. तो ‘उजेड’ म्हणाला तर ‘उजेड’ लिहा, ‘दिव्य प्रकाश’ नको. एका आजींनी मला सांगितलं होतं, "उजेड होता, पण डोळ्यांवर येत नव्हता." हे वाक्य जसंच्या तसं कागदावर आहे म्हणून त्याला किंमत. ‘पेशंटनं सुखद प्रकाश पाहिला’ अशी नोंद केली असती तर त्या आजी त्यातून हरवल्याच असत्या. तुम्ही विचारलेला प्रश्नही लिहा. खोलीत कोण होतं, किती वाजले होते, तेही. आणि औषधांचा तक्ता उघडून मिडाझोलॅम, फेंटानिल, केटामिन या गुंगीच्या आणि वेदनाशामक औषधांपैकी काय, किती वाजता दिलं ते उतरवा. केटामिन का, ते पुढे येईलच.

ग्रेसन स्केल नावाची एक प्रश्नावली आहे. ब्रूस ग्रेसन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ती १९८३ साली तयार केली. १६ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण ३२. सात किंवा जास्त आले तर संशोधनात ‘मृत्युसमीप अनुभव’ म्हणून धरतात. ती वापरायची असेल तर अगदी शेवटी वापरा, कारण प्रकाश, शांतता, शरीराबाहेर जाणं हे सगळं त्या प्रश्नांतच आहे. पहिल्या दिवशी ती हातात दिलीत तर माझ्या बोगद्यासारखे सोळा बोगदे दिलेत म्हणून समजा. शिवाय ती अनुभव खरा की खोटा हे मोजत नाही. इतरांनी सांगितलेल्या अनुभवांशी तो किती जुळतो, तेवढंच कळतं.

आणि सगळ्यांची गोष्ट सारखी नसते. १९७५ साली रेमंड मूडी या अमेरिकन लेखकाचं अशा अनुभवांवरचं पुस्तक आलं आणि बोगदा-प्रकाश जगभर पोचला. पण सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ साली भारतातले १६ अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत वेगळाच धागा पुन्हा पुन्हा येतो: दूत येऊन घेऊन गेले, तिथे नोंद तपासली, चुकीचा माणूस आणल्याचं निघालं आणि परत पाठवलं. गाभा एक असेल, पण त्यावर चढणारे कपडे ज्याचे त्याचे असतात. म्हणून आपले कपडे पेशंटला घालू नयेत.

‘असताना’ तपासा

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं सगळा गुंता एका शब्दात आहे. ‘मी मेलो असताना पाहिलं.’ त्यातलं ‘असताना’ म्हणजे नेमकं कधी?

हृदय थांबलं की साधारण दहा ते वीस सेकंदांत शुद्ध जाते आणि मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख सपाट होत जातो. पण ती काही सेकंदं असतात. मग सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचा प्रयत्न, सुरू झाला की छातीवरच्या दाबानं मेंदूकडे थोडंफार रक्त जातं. क्वचित एखादा पेशंट दाब चालू असताना हात हलवतो, डोळे उघडतो. मी हे एकदाच पाहिलंय आणि पुरे झालं. नंतर हृदय परत चालू होतानाचा काळ, आणि त्यापुढे औषधांच्या गुंगीतले दिवस. आठवण या चारांपैकी कुठल्याही फटीत तयार होऊ शकते, आणि सांगणाऱ्याला ती सगळी एकाच क्षणातली वाटते. म्हणून गोष्टीत वेळेची खुंटी शोधा, म्हणजे घड्याळाशी जुळवता येईल असा तपशील. ‘शॉक देऊ का?’ असं कुणी विचारलेलं ऐकलं, हिरव्या टोपीचा डॉक्टर दिसला, असं काही. मग केस पेपर काढून बघा.

सॅम पर्निया या डॉक्टर-संशोधकांनी हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १५ हॉस्पिटलं, हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना, म्हणजे कार्डिअ‍ॅक अरेस्ट. काही जागी छताजवळ फळ्या ठोकून त्यांवर चित्रं ठेवली होती, वरून बघणाऱ्यालाच दिसतील अशी. २०१४ साली निकाल आला. वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलता आलं, १०१ जणांची सविस्तर मुलाखत झाली. त्यातल्या नऊ टक्क्यांना मृत्युसमीप अनुभव होता. खोलीत चाललेलं पाहिलं-ऐकलं असं स्पष्ट सांगणारे दोघेच, आणि पडताळता आला तो एकाचाच. त्या दोघांचेही अरेस्ट फळी नसलेल्या जागी झाले होते! संशोधकांच्या नशिबाची मला खरंच कीव आली.

२०२३ च्या पुढच्या अभ्यासात ५६७ अरेस्ट होते. ५३ जण वाचले, २८ जणांशी बोलता आलं, ११ जणांना काही ना काही आठवत होतं. चित्र कुणीच ओळखलं नाही. मात्र काही पेशंटच्या मेंदूत सीपीआरच्या पस्तिसाव्या, अगदी साठाव्या मिनिटालाही जवळपास नेहमीसारख्या लहरी दिसल्या. मॉनिटर सपाट म्हणजे आत सगळं थांबलं, इतकं सोपं गणित नाही. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात जीमो बोर्जिगिन यांनी व्हेंटिलेटर काढलेल्या चार पेशंटचे आलेख तपासले. दोघांमध्ये शेवटी गॅमा लहरी, म्हणजे मेंदूतल्या वेगवान लहरी, उसळलेल्या दिसल्या. पण ते कुणीच परत आले नाहीत, त्यामुळे आत काय चाललं होतं ते विचारणार कुणाला?

हे वाचून कुणी तुमच्याकडे ‘विज्ञानानं सिद्ध केलं’ असं घेऊन आलं, तर कुठल्याही बाजूचा असो, त्याला एवढंच विचारा: अनुभव सांगणारा माणूस आणि आलेख असलेला माणूस एकच होता का? अजून तरी ती जोडी जुळलेली नाही.

कारणं सांगायची घाई

तरुण डॉक्टरांना एक खोड असते. पेशंटचं वाक्य संपायच्या आत म्हणतात, "मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, दुसरं काही नाही." पेशंट मान हलवतो आणि पुन्हा कधी तोंड उघडत नाही. शिवाय हे उत्तर अपुरंही आहे. पिम व्हॅन लोमेल या हृदयरोगतज्ज्ञांनी नेदरलँड्समधले ३४४ पेशंट तपासले. २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. अनुभव सांगणारे होते ६२, म्हणजे १८ टक्के. हृदय तर सगळ्यांचंच थांबलं होतं. मग उरलेल्या २८२ जणांना काहीच का नाही? काहींना झाला असेल आणि आठवत नसेल, हेही शक्य आहे.

सुटे सुटे तुकडे मात्र समजतात. सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवलेल्या वैमानिकांच्या डोळ्यांचं रक्त कमी होतं, नजर कडेनं विझत आत येते आणि बोगद्यासारखं दिसतं. त्यांतले काही बेशुद्धीत छोटी स्वप्नंही बघतात, आणि ते काही मरत नसतात. २००२ साली ओलाफ ब्लांके या मेंदूतज्ज्ञांच्या गटानं फिट्सच्या आजारासाठी तपासणी चालू असलेल्या एका बाईंच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, अँग्युलर गायरस या भागाला, बारीक विद्युतप्रवाह दिला. बाई म्हणाल्या, मी वरून स्वतःला पलंगावर बघतेय, पण फक्त पाय आणि कमरेचा भाग. आणि ते केटामिन: २०१९ साली ६२५ मृत्युसमीप अनुभव १६५ द्रव्यांच्या नशेच्या वर्णनांशी ताडून पाहिले, तेव्हा सगळ्यांत जवळचं निघालं केटामिन. नळी घालताना तेच दिलेलं असू शकतं, म्हणून तो तक्ता.

पेशंटनं विचारलं तरच यातलं सांगा, आणि तेही ‘असं होऊ शकतं’ या सुरात.

नातेवाइकांना माझं एक सांगणं असतं: व्हिडिओ काढू नका. कॅमेऱ्यासमोर तिसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट पेशंटची उरत नाही. आणि सगळेच अनुभव शांत-सुंदर नसतात. काहींना भयाण पोकळी दिसते आणि ते लाजेनं बोलत नाहीत, कारण ‘चांगल्या माणसांना प्रकाश दिसतो’ असं त्यांनी ऐकलेलं असतं. झोप उडाली असेल, तेच तेच समोर येत असेल, किंवा ‘मला परत तिकडे जायचंय’ असं बोलणं असेल, तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अनुभव येणं हा मात्र आजार नव्हे. अमेरिकन मानसोपचाराच्या वर्गीकरणात १९९४ पासून धार्मिक-आध्यात्मिक प्रश्नांसाठी आजारांपासून वेगळी नोंद आहे.

त्या काकांकडे मी डिस्चार्जच्या आदल्या रात्री पुन्हा गेले. या वेळी फक्त म्हटलं, "काका, कोणीतरी मोजत होतं म्हणालात. मग?"

"तीसपर्यंत मोजायचे आणि थांबायचे. मग परत एकपासून."

मोजणारी मीच होते. तीस दाब आणि दोन श्वास, असं ते गणित असतं. हृदय चालू झाल्यावर कुणी मोजत नाही, म्हणजे खुंटी पक्की, असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. मग आठवलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेडवरही सीपीआर झाला होता आणि काका तेव्हा गुंगीत होते. मी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या.

"थांबत का होता हो?" त्यांनी विचारलं.

"फुग्यानं श्वास द्यायला."

"तेवढ्यात मला वाटायचं, सोडलं यांनी."

तेव्हापासून तीस झाले की मी मोठ्यानं म्हणायचे, "श्वास देतोय, थांबलो नाहीये." नव्या मुली पहिल्यांदा माझ्याकडे बघायच्या. नंतर त्याही म्हणायला लागल्या.