थीम पार्कजवळचं हॉटेल कसं निवडावं: धुळे-जळगावकडून निघणाऱ्या कुटुंबासाठी

दुपारी अडीच वाजता सासूबाई पार्कातल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मना पाय दुखी राह्यनात." चार वर्षांची धाकटी माझ्या खांद्यावर झोपली होती, अंगात अजून ओला कॉस्च्युम. थोरल्याच्या दोन राइड्स राहिल्या होत्या, तो बापाचा हात ओढत होता. हॉटेल आम्ही "पार्कपासून ५ मिनिटांवर" म्हणून घेतलं होतं. ती ५ मिनिटं गाडीची निघाली. मध्ये वाहता चौपदरी रस्ता, आणि हॉटेलची गाडी सकाळी एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. आम्ही साडेतीन तास त्या बाकावर काढले. रूम खरंच छान होती, मोठा पलंग, स्वच्छ चादरी. पण दुपारी अडीचला ती आमच्या कामाची नव्हती.

तेव्हापासून मी पार्कजवळच्या हॉटेलांची तुलना एकाच प्रश्नापासून सुरू करते: घरातलं सगळ्यात आधी थकणारं माणूस दुपारी खोलीवर जाऊन पडू शकेल का? बाकी सगळं त्यानंतर.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हा खानदेशातून गेलेला माणूस सकाळी पार्कात आणि रात्री मुंबईतल्या मावशीकडे. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे, मावशीचं घरही दोन खोल्यांचं. आजची पार्कं शहराबाहेर, महामार्गालगत आहेत. तिथे मुक्काम करायचा तर हॉटेल लागतं, आणि ते तिकिटांपेक्षाही महाग पडू शकतं. म्हणून एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन बसावं. ते कसं, ते सांगते.

आधी गाडीची वेळ बघा

मुंबई-पुण्याचा माणूस सकाळी घरून निघून पार्कात पोचतो. आपलं तसं नाही. धुळ्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स किंवा जळगाव-भुसावळहून रात्रीची रेल्वे धरली की पहाटे कल्याणला उतरायचं. खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं असेल तर तिथून कर्जत-खोपोलीची लोकल किंवा टॅक्सी. सकाळी सात-आठला तुम्ही हॉटेलच्या दारात उभे, आणि चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला. हे सहा-सात तास हीच खानदेशातल्या प्रवाशाची खरी अडचण आहे.

यावर दोन वाटा आहेत. एक, असं हॉटेल शोधायचं जे सामान ठेवून घेतं आणि आंघोळीला, कपडे बदलायला जागा देतं, म्हणजे तुम्ही थेट पार्कात जाल. दुसरी, आणि मला हीच पटते: आदल्या दिवशी दिवसा प्रवास करा, संध्याकाळी हॉटेलात पोचा, जेवून झोपा आणि सकाळी ताज्या अंगाने पार्कात शिरा. रात्रभर बसमध्ये बसून आलेलं लेकरू पहिल्या तासातच चिडचिड करतं. तिकिटाचे पैसे तर पूर्ण दिवसाचे गेलेले असतात. खर्च मात्र एकाच रात्रीचा येतो. दुसऱ्या दिवशी चेक-आउट करून सामान रिसेप्शनला ठेवायचं आणि पार्क संपलं की रात्रीची परतीची गाडी. त्या दिवशी दुपारचा आराम हवा असेल तर "लेट चेक-आउट मिळेल का, किती पैसे पडतील" हे आधीच विचारा. अर्ध्या दिवसाचं भाडं घेऊन संध्याकाळपर्यंत खोली ठेवू देणारी हॉटेलं मिळतात.

हॉटेलांचे तीन गट करा

पहिला गट, पार्कच्या आवारातली किंवा भिंतीला भिंत लागून असलेली. इमॅजिकाला लागून नोव्होटेल आहे. बेंगळुरूच्या वंडरलाला म्हैसूर रोडवर बिडदीजवळ स्वतःचं रिसॉर्ट आहे, ८४ खोल्यांचं. एवढ्याच खोल्या म्हटल्यावर सुट्टीत ते लवकर भरणार. भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट बेंगळुरूला जाते, म्हणून आपल्याकडच्यांना हे पार्क वाटतं तितकं दूर नाही. रामोजी फिल्म सिटीत तर आवारातच सितारा, तारा अशी वेगवेगळ्या खिशाची हॉटेलं आहेत. मनमाडहून अजंता एक्स्प्रेसने हैदराबाद गाठता येतं.

दुसरा गट, दोन-पाच किलोमीटरवरची. जाहिरातीत हीसुद्धा "पार्कजवळ" असतात. तिसरा गट, जवळच्या शहरातली किंवा तीर्थातली. शिर्डी याचं चांगलं उदाहरण. साईतीर्थ थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही गावालगत आहेत आणि खानदेशातून माणसं दर्शनाला जातातच. तिथे "पार्कचं हॉटेल" शोधू नका. मंदिराजवळ मुक्काम करा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पहाटेची आरती पायी गाठता येते आणि मुलांना दिवसभर पार्क मिळतं.

परदेशात आवारातल्या हॉटेलाची किंमत खोलीत नसते, रांगेत असते. अमेरिकेत ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर पार्क इतरांच्या ३० मिनिटं आधी उघडतं. म्हणून आपल्याकडेही पार्काच्या हॉटेलला फोन केला की विचारावं: इथे राहिल्याने पार्कात काय सवलत मिळते? तिकिटात सूट, वेगळी रांग, की दुपारी बाहेर जाऊन पुन्हा आत यायची परवानगी? ही तिसरी गोष्ट नसेल तर दारातल्या हॉटेलाचा अर्धा उपयोग गेला. हातावर शिक्का किंवा मनगटाला पट्टा देतात का, हे स्पष्ट विचारून घ्या.

अंतर पावलांनी मोजा

नकाशावर हॉटेलचं दार ते पार्कचं तिकीटघर असं अंतर काढा, आणि चालण्याचं चिन्ह निवडून काढा, गाडीचं नको. मग उपग्रहाचं चित्र मोठं करून बघा: मध्ये महामार्ग आहे का, फूटपाथ आहे का, चढ आहे का. पंधरा मिनिटांपर्यंत पायी असेल तर आजी आणि लहान मूल कसंबसं करतात. त्यापुढे वाहन लागतं, आणि वाहन म्हटलं की वेळापत्रक आलं.

मोठ्या पार्कात "आवारात" हा शब्दही फसवतो. रामोजी फिल्म सिटी १,६६६ एकरांची आहे. आत राहिलं म्हणून सगळं पायी होत नाही, बसनेच फिरावं लागतं. अशा ठिकाणी हॉटेलची गाडी दर किती मिनिटांनी सुटते, हा पहिला प्रश्न.

भाडं नव्हे, दिवसाचा पूर्ण खर्च

स्क्रीनवर ठळक दिसतो तो आकडा करांशिवायचा असू शकतो. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्याच्या वर १८ टक्के. त्यामुळे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते, आणि ७,६०० ची पडते ८,९६८ ला. भाड्यात २०० चा फरक, हातातून जातात जवळजवळ १,२०० जास्त. सीमेच्या जरा वर असलेली खोली दिसली तर तारीख एक दिवस मागेपुढे करून बघा. शनिवारऐवजी मंगळवारी तीच खोली खालच्या टप्प्यात येऊ शकते.

मग जेवण. हॉटेलवाले ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं वापरतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. पार्कात दिवस जाणार असेल तर एपी घेऊ नका, दुपारचं जेवण वाया जातं. सीपी घ्या. पोटभर नाश्ता झाला की पार्कातल्या महागड्या खाण्यावर मुलं तुटून पडत नाहीत.

मुलांचा हिशेब सगळ्यात गोंधळाचा. हॉटेल वय विचारतं, पार्क उंची मोजतं. वंडरलात मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं. आमचा थोरला अकराचा, पण उंचीने बापाच्या खांद्याला लागलाय. निघण्याआधी घरच्या दाराच्या चौकटीशी मुलांना उभं करून पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. "तिकिटांसह पॅकेज" असेल तर त्यातली तिकिटं कोणाच्या मापाची, तेही बघा. मोठ्यांची चार तिकिटं धरलेली असतील आणि तुमची दोन मुलं सवलतीत बसत असतील तर पॅकेज तोट्याचं.

अभिप्राय आणि फोन

पाच तारेवाले आणि एक तारेवाले अभिप्राय मी वाचत नाही. तीन तारेवाले वाचते, ताजे आधी लावून. तिथे माणूस नेमकं सांगतो: गरम पाणी आठलाच संपलं, लिफ्ट बंद होती, पलीकडच्या लॉनवर लग्नाचा डीजे होता. पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंत बाथरूमचे कोपरे बघा. आणि वेबसाइटवरचे तारे म्हणजे पाहुण्यांचे गुण, पर्यटन मंत्रालयाच्या समितीने दिलेला स्टार दर्जा वेगळा. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

मग फोन करा, रिसेप्शनला थेट, दुपारी तीन-चारच्या सुमारास जेव्हा त्यांना जरा सवड असते. माझे ठरलेले प्रश्न: एका खोलीत तीन मोठे आणि दोन मुलं चालतात का, जादा पलंग की नुसती गादी? तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ खोली मिळेल का? टॉयलेट कमोडचं आहे ना? ओले कपडे वाळवायला गॅलरी किंवा दोरी आहे का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण वॉटर पार्कात नायलॉनचे कॉस्च्युम सक्तीचे असतात आणि पाच जणांचे ओले कॉस्च्युम एसीच्या पट्टीवर टांगले की रात्रभर खाली पाणी ठिबकतं. मे महिन्यात धुळ्याच्या कोरड्या उन्हात तासाभरात कपडे वाळतात. खोपोलीकडच्या दमट हवेत सकाळपर्यंतही ओलेच राहतात. फोनवरचं उत्तर ऐकून घेतलं की त्यांनाच सांगा, "हे मेसेज करून पाठवता का?" जे हॉटेल पाठवतं, त्याला मी मनातल्या मनात एक गुण जास्त देते.

आता क्रम लावा

तीन हॉटेलं उरली की तक्ता करा. प्रत्येक बाबीला आपल्या घरासाठी किती वजन, ते आधी ठरवा. हॉटेलांची नावं बघण्याआधी ठरवा, नाहीतर आवडलेल्या फोटोच्या बाजूने वजनं झुकतात. आमची वजनं अशी: दुपारी पायी परत येता येणं ३०, पूर्ण खर्च २५, स्वच्छता २०, शांत झोप १५, जेवण १०. बेरीज १००.

समजण्यापुरती तीन हॉटेलं घेऊ. अ दारातलं आणि महाग, ब चार किलोमीटरवर, क शहरातलं स्वस्त. दहापैकी गुण वरच्याच क्रमाने द्या. अ ला १०, ४, ८, ८, ६. ब ला ५, ७, ७, ६, ७. क ला २, ९, ६, ५, ८. गुणाला वजनाने गुणा, दहाने भागा आणि बेरीज करा. अ ला ७४, ब ला ६२.५, क ला ५६. आमच्यासाठी अ पहिलं.

माझा भाचा जळगावात कॉलेजला आहे, चार मित्र घेऊन निघाला होता. त्याला मी वजनं त्याचीच लावायला सांगितली: खर्च ५०, स्वच्छता २०, जेवण १५, पायी अंतर १०, झोप ५. हॉटेलं तीच, गुण तेच. निकाल आला क ७३.५, ब ६७.५, अ ५९. क्रम पूर्ण उलटला, आणि दोघांचाही बरोबर आहे. "सर्वोत्तम १० हॉटेलं" अशा याद्यांवर मी विसंबत नाही ते यामुळेच. ती यादी कोणाच्या घरासाठी केली, ते त्यात लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र गुणांत घालू नका. ज्याशिवाय चालणारच नाही, ते तक्त्याच्या आधीच बघा. सासूबाईंना खाली बसायचं टॉयलेट चालत नाही, म्हणून कमोड नसलेलं हॉटेल आमच्या तक्त्यात येतच नाही, मग बाकी सगळ्यात त्याला दहापैकी दहा का असेनात. तुमच्या घरात ते शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघर असेल, किंवा व्हीलचेअरसाठी उतार.

बुकिंग करताना रद्द करण्याची मुदत वाचा. मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक बदलतं, गाडीचं वेटिंग कन्फर्म होत नाही, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन मोफत रद्द होणारं बुकिंग मी घेते. दोन दिवस आधी पार्कलाही फोन करा आणि कोणत्या राइड्स दुरुस्तीसाठी बंद आहेत ते विचारा. पावसाळ्यात मोकळ्यावरच्या राइड्स पावसाच्या सरीत थांबवतात. तेव्हा जायचं असेल तर खोलीत किंवा हॉटेलात मुलांना खेळायला काय आहे, याला वजन वाढवा.

आणि निघताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली सुटकेसमध्ये भरू नका, वेगळ्या पिशवीत घ्या. खोली तयार व्हायला वेळ लागला तर सुटकेस सामानाच्या खोलीत जाते, आणि भुकेलेली मुलं तुमच्याजवळ लॉबीत असतात.