जाम झालेला ऑक्सिजन सेन्सर अन् ईजीआर काढताना या चुका टाळा

ऑक्सिजन सेन्सर इंजिनच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि ईजीआर म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. आधी एक ठरवून टाका, तुम्हाला वाचवायचा आहे तो मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा, आटा, ज्यात सेन्सर फिरवून बसवलेला असतो. जुना सेन्सर तसाही भंगारात जाणारे, त्याची वायर कापायची वेळ आली तर कापा बिनधास्त. लोक वायर वाचवायला खाच असलेला सॉकेट लावतात आणि तो जोर लावला की फाकतो, सेन्सरचे कोपरे गोल होतात आणि मग बसा. वायर कापली की २२ मिमीचा सहा पैलूंचा खोल सॉकेट नाहीतर रिंग पाना नीट पूर्ण बसतो.

दुसरी चूक घाईची. वर्षानुवर्षं तापून गार होऊन बसलेला आटा पाच मिनिटांत कसा सुटेल? आदल्या रात्री गार इंजिनवर त्या आट्यावर पेनिट्रेटिंग ऑइल (जाम आट्यात झिरपणारं तेल) मारा, सकाळी परत मारा. मग इंजिन थोडं कोमट करून, हातमोजे घालून बघा. लालबुंद सायलेन्सरवर स्प्रे मारू नका, पेट घेतो. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तापवायला गॅसची टॉर्च तर अजिबात नको, काही क्लीनर तापले की विषारी गॅस होतो.

सुटायला लागला की खरी परीक्षा. पाव फेरा फिरला आणि कुईं असा कोरडा आवाज आला तर थांबा, तो आटा सोलला जातोय. परत आत फिरवा, ऑइल सोडा, पुन्हा बाहेर. असं पुढे-मागे करत अर्धा तास गेला तरी चालेल. मी एकदा ईजीआरच्या बोल्टवर पाईप लावून एकदाच झटका दिला होता, बोल्टची मुंडी हातात आली आणि उरलेलं धूड ड्रिल करण्यात अख्खा रविवार गेला.

बोल्ट निघाले तरी ईजीआर कार्बनने चिकटलेला असतो. तिथे स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका, ॲल्युमिनियमला चर पडली की नवीन पॅकिंग लावूनही लिकेज राहतं. रबरी हातोडीने बाजूने हलकेच ठोका, सुटतो. ईजीआर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर अख्खा कार्ब क्लीनरमध्ये (कार्ब्युरेटर साफ करायच्या द्रावणात) बुडवू नका, आतला पडदा खराब होतो.

नवीन सेन्सर लावायच्या आधी एम१८ बाय १.५ च्या थ्रेड चेझरने आटे साफ करा. बऱ्याच सेन्सरला अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) आधीच लावून येतं, नसेल तर फक्त आट्यांना लावा, टोकाला लागलं तर नवा सेन्सरही वाया.