“पाणी कुठवर आलं होतं?” : घर घेणाऱ्या माणसाला सांभाळायचं कसं

सांगलीत घर दाखवायला नेलं की स्वयंपाकघर बघायच्या आधी लोक विचारतात, “पाणी कुठवर आलं होतं?” फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी विचारतात. मी विश्रामबागेत राहते, सतरा वर्षं घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. सुरुवातीला मी पटकन “इथं नाही हो आलं” म्हणायची आणि पुढच्या खोलीत न्यायची. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर ते बंद केलं. तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे ४५. ज्यानं आपल्या गाद्या, पोरांची दप्तरं, लग्नाचा अल्बम चिखलातून उचललाय, त्याला नुसत्या ‘नाही’नं झोप लागत नाही.

महारेरानं, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते फार चांगलं झालं. कायदा तिथं शिकून होतो. समोरच्या माणसाच्या पोटात काय कालवाकालव चाललीय ते मात्र कामातच कळतं. नवीन मुलं-मुली या धंद्यात येताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पुराचं आधी. तुम्ही सांगू नका, त्यांना बघू द्या. गल्लीतल्या जुन्या भिंतीवरची ओल आणि रेघ दाखवा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला त्यांनाच विचारू द्या आणि तुम्ही दहा पावलं लांब उभे राहा. पूररेषेचा नकाशा मिळवून सोबत ठेवा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथं एक गोष्ट नीट समजावून सांगा : १०० वर्षांतून एकदा म्हणजे आता शंभर वर्षं निवांत, असं नव्हे. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता असते. आणि घर कोरडं राहिलं तरी रस्ता बुडू शकतो, हे लपवू नका. घरात कुणाला आठवड्याला डायलिसिस लागत असेल तर त्यांच्यासाठी रस्ता हाच खरा प्रश्न आहे. खरं ऐकल्यावर गिऱ्हाईक पळून जातं, असा माझा अनुभव नाही. खरं ऐकलं की त्याचे खांदे खाली येतात, आणि मग ते बजेटचं बोलतं.

पहिल्या भेटीत एकही घर दाखवू नका. चहा घ्या आणि विचारा, राहणार कोण कोण? सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं? देवघर किती मोठं आहे? ‘टू बीएचके, पस्तीसपर्यंत’ एवढं तर फोनवरही कळतं.

हे मी एका काकांमुळं शिकले. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, मुलगा आणि सून फ्लॅट घेत होते. बुकिंगचे पैसे काकांच्या फंडातले. आम्ही तिघं बाल्कनी, लिफ्ट, पार्किंग बघत फिरत होतो. मागं वळून बघितलं तर काका लहान बेडरूममध्ये एकटेच. चप्पल काढून, एका पुढं एक पाऊल टाकत भिंतीपासून खिडकीपर्यंत मोजत होते. मग आडवं मोजलं. मग दारातून बाथरूमपर्यंत. मी विचारलं, “काय मोजताय काका?” म्हणाले, “माझी कॉट बसतीया. हिची बसंल का बघतोय.” तोवर कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की ते दोघं कुठं झोपणार आहेत. मुलाच्या मनात होतं सगळं, पण बोललं गेलं नव्हतं. तो फ्लॅट त्यांनी घेतला नाही. दीड महिन्यानं दुसरा घेतला, कुपवाड रोडला, जरा जुना, पण खोली अकरा बाय बारा. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये टेप असतो, आणि घरात शिरलं की तो मी सगळ्यात थोरल्या माणसाच्या हातात देते. तुम्हीही द्या. ज्याच्या हातात टेप असतो त्याला बोलायला निमित्त मिळतं.

एका दिवसात तीनपेक्षा जास्त घरं नकोत. चौथ्या घरात नवरा-बायको भांडतातच, आणि भांडण फरशीवरून सुरू झालं तरी ते फरशीचं नसतं. अशा वेळी कुणाची बाजू घेऊ नका, खाली जाऊन गाडीपाशी थांबा.

हप्त्याची भीती माणसं तोंडानं सांगत नाहीत. “बघून सांगतो” म्हणतात. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २५ लाखांचा हप्ता साधारण २१,७०० रुपये बसतो. आज भाडं ९,००० असेल तर मी सांगते, वरचे १२,७०० पुढचे तीन महिने वेगळ्या खात्यात टाका आणि घर चालवून बघा. तीन महिने निघाले तर भीती जाते, आणि तेवढे पैसेही जमतात. नाही निघाले तर कर्ज कमी करा नाहीतर वर्षभर थांबा. यात माझे काही सौदे लांबले, दोन गेले. पण जे झाले त्यांतलं एकही घर नंतर हप्त्यापायी विकावं लागलं नाही.

२०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ही गोष्ट दोघं समोर असताना सांगा, एकट्या नवऱ्याच्या कानात सांगू नका. सासूबाईंचा चेहरा बदलला तर बदलू द्या. आकडा मांडा आणि विषय घरच्यांवर सोडा.

इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, घर पसंत पडलं त्याच दिवशी घेऊ नका. माझ्या दुसऱ्या वर्षी एका जोडप्याकडून मी रात्री साडेआठला इसार घ्यायला लावला, कारण “उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय” असं मालक म्हणाला होता. नोंदणीच्या दिवशी अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा ती बाई रडत होती, आनंदानं नव्हे. तिला माहेरच्या जवळ घर हवं होतं आणि तिला बोलायला एक रात्रसुद्धा मिळाली नव्हती. आता मी मालकाकडून एक रात्र मागून घेते, आणि बाईला वेगळा फोन करून विचारते, “तुम्हाला काय वाटतं?” नवीन इमारत असेल तर हेही सांगून ठेवा की नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कायद्याचा आधार असला की माणसाला घाईला ‘नको’ म्हणता येतं.

कर्ज मंजूर होईपर्यंतचे दिवस वाईट. दर शुक्रवारी फोन करा, बातमी नसली तरी. “अजून काही नाही” एवढं ऐकूनही माणसाला बरं वाटतं. कर्ज नाकारलं गेलं तर मात्र व्हॉट्सॲपवर कळवू नका. घरी जा, आणि त्याच्या सासरची मंडळी बसली असतील तर त्याला बाहेर बोलवून सांगा.

विकणाऱ्यालाही विसरू नका. गावभागातल्या एका आजींनी जुन्या घराची किल्ली देताना ओट्याशेजारी जमिनीत बसवलेला पाटा मागितला. घेणारा म्हणाला, फरशी फुटेल. मी गवंडी बोलावला, सातशे रुपये दिले, पाटा निघाला. व्यवहारात अशी एखादी वस्तू असतेच. ती इसारपावतीतच लिहून घ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी कुणाला याचना करावी लागत नाही.

नोंदणीच्या दिवशी पाण्याची बाटली, म्हाताऱ्यांसाठी बिस्किटं, आणि आधार-पॅनवरची नावं आदल्या रात्री ताडून बघितलेली. एवढं पुरतं.

किल्ली दिल्यावर तीन आठवड्यांनी एक फोन करा. त्याच सुमाराला लोकांना वाटतं की आपण चुकलो : नळाला पाणी कमी, शेजारचा टीव्ही मोठ्यानं, पाहुणे म्हणाले महाग पडलं. ऐकून घ्या, प्लंबरचा नंबर द्या.

आणि पहिल्या पावसाळ्यात पुन्हा करा. शामरावनगरातून पुराला कंटाळून निघालेल्या एका कुटुंबाला मी मिरज रोडच्या बाजूला घर बघून दिलं होतं. जुलैमध्ये मी फोन करायच्या आधी त्यांचाच आला, रात्री दहाला. “ताई, आयर्विनला चाळीस झालं.” मी विचारलं, “तुमच्याकडं?” म्हणाले, “रस्ता ओला आहे, बाकी काही नाही. बहीण अजून तिकडंच आहे, तिचं सामान इकडं आणायला सकाळी टेम्पो मिळंल का बघा ना.”