आफ्रिकेच्या समुद्रात कोण मासे मारतंय, सांगलीत बसून कसं बघायचं

परवा क्लासमध्ये एकानं विचारलं, सर आपण सांगलीत, घानाच्या समुद्राचं आपल्याला काय. अरे आपला शेतकरी ऊस काट्यावर चढेपर्यंत गाडीबरोबर रात्रभर जागतो ना, का, तर काटामारी होऊ नये म्हणून. तिकडच्या होडीवाल्यांची काटामारी समुद्रात होते, तिथं जागायला कोण नसतं, म्हणून हे शिकून घ्या.

ग्लोबल फिशिंग वॉच म्हणजे कुठलं जहाज कुठं मासे मारतंय ते दाखवणारी वेबसाइट, तिचा नकाशा उघडा, फुकट आहे, लॅपटॉपवर बघितलेलं बरं. घानावर नाहीतर सेनेगलवर झूम करा आणि आधी देशांच्या हद्दीची लेयर चालू करा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७० किमी, तिथपर्यंतच्या माशांवर त्या देशाचा हक्क, हे १९८२ च्या समुद्र कायद्यात ठरलंय.

आता आत परदेशी झेंडा दिसला की लगेच चोर म्हणू नका, लायसन असू शकतं. तारीख बघा. सेनेगलचा युरोपियन युनियनबरोबरचा करार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला, त्यामुळं स्पेनचं जहाज त्याच्या आधी दिसलं का नंतर, ह्यात लय फरक पडतो.

झेंड्यावर भरवसा पण ठेवू नका, घानाचा झेंडा असलेल्या बऱ्याच ट्रॉलरमागं (ट्रॉलर म्हणजे मोठं जाळं ओढत मासे धरणारं जहाज) पैसा चिनी कंपन्यांचा असतो. जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे कायमचा ओळख नंबर, लिहून घ्या, नाव आणि झेंडा बदलला तरी तो बदलत नाही.

आणि नकाशा रिकामा म्हणजे समुद्र रिकामा असं नाही. नकाशावरची जहाजं एआयएसवर दिसतात, म्हणजे जहाज आपली जागा सांगायला जो सिग्नल सोडतं त्यावर, आणि तो सिग्नल बंद करता येतो, छोट्या होड्यांवर तर तो नसतोच. म्हणून उपग्रहाच्या रडारची लेयर लावून बघा, सिग्नल बंद केलेलं मोठं जहाज पण त्यात दिसू शकतं.

घानात 'सायको' नावाचा प्रकार आहे. ट्रॉलरवाले होडीवाल्यांच्याच वाट्याचे तारलीसारखे छोटे मासे ओढायचे, बर्फाच्या लाद्या करून भर समुद्रात दुसऱ्या होडीत उतरवायचे, बंदरात वजनच नाही म्हणजे नोंदच नाही. कायद्यानं बंदी असून चाललं हे, आणि युरोपियन युनियननं २०२१ ला घानाला यलो कार्ड दिलं, म्हणजे बेकायदा मासेमारी थांबवा अशी ताकीद.

२०२५ च्या नव्या कायद्यात घानानं होडीवाल्यांचा राखीव पट्टा ६ वरनं १२ सागरी मैल केलाय. आठवड्यातनं एकदा तेवढा पट्टा बघा, आत ट्रॉलर दिसला की तारीख, आयएमओ नंबर आणि किनाऱ्यापासूनचं अंतर वहीत लिहा, पुढच्या रविवारी सगळ्यांच्या वह्या एकत्र लावून बघू.