डुकरीण विणार असेल तर पेंढा दोन दिवस आधीच टाका

बरेच जण मादी व्यायला लागली की मग पळत जाऊन पेंढा आणतात, तेव्हा तिला तो घरटं करायच्या कामाचा राहिलेला नसतो. गाभण काळ साधारण 114 दिवस, तर 112 व्या दिवशीच पेंढा टाकून ठेवा, एखाद-दुसरा दिवस मागेपुढे होतोच. सड दाबल्यावर दूध आलं तर समजा की बहुतेक एका दिवसात विणार.

विण्याआधीच्या 24 तासांत ती पुढच्या पायांनी जमीन उकरते, तोंडात काड्या धरून कोपऱ्यात नेते, सारखी उठते बसते. हे रानडुकरापासून आलेलं आहे, सिमेंटच्या खोलीत जन्मलेली मादीपण करतेच. काड्या मिळाल्या तर घरटं करून शांत आडवी होते, नाही मिळाल्या तर पाईप चावत बसते आणि विताना पण उठबस चालूच, आणि त्या उठबशीतच पिल्लं दबतात. म्हणून मला पेंढ्यावर पैसे वाचवणं अजिबात पटत नाही.

भाताचा लांब पेंढा बेस्ट, एका मादीला दोन-तीन किलो पुरतो. कुट्टी करू नका, तिला तोंडात धरून न्यायला लांब काडी लागते. गव्हाचं काड चालतं. कडब्याची धाटं टोचतात, उसाच्या पाचटाच्या कडा धारदार, पिल्लांची कातडी कोवळी असते हो. बुरशीचा वास आला तर तो पेंढा सरळ बाहेर टाका. गटार तुंबायची भीती असेल तर निदान एक स्वच्छ गोणपाट बांधून द्या, ती ते ओढत, फाडत बसते, काहीच नसण्यापेक्षा बरं.

आता थंडीचं. जन्मताना पिल्लू दीड किलोच्या आतबाहेर, अंगात चरबी जवळजवळ नाही, त्याला 32 ते 35 डिग्री ऊब पाहिजे आणि आईला 20 च्या आसपास बरं वाटतं, म्हणून अख्खी खोली तापवू नका, एका कोपऱ्यात आडोसा करून कोरडा पेंढा टाका आणि वर बल्ब लावा. पिल्लं एकमेकांवर चढून झोपली तर बल्ब खाली घ्या, लांब लांब पांगली तर वर. माझ्याकडे एका पावसाळ्यात रात्री पेंढा ओला झाला तो मी सकाळी बदलू म्हणून ठेवला आणि तीन पिल्लं गारठून गेली, अजून डोळ्यासमोर आहेत. ओला पेंढा सिमेंटपेक्षा वाईट, विल्यावर वार आणि ओलं झालेलं सगळं लगेच काढा.

पिल्लू पुसलं की आधी सडाला लावा. आईच्या पोटातून त्याला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच येते, आणि 24 तासांनंतर आतडं ती शोषून घेत नाही. बारकी पिल्लं मागे ढकलली जातात, तेव्हा मोठ्यांना तासभर उबेच्या कोपऱ्यात कोंडा आणि बारक्यांना आधी पाजा. पहिले तीन दिवस रात्रीची एक चक्कर चुकवू नका, जास्त पिल्लं त्याच दिवसांत जातात.